सरासरी ७.१ आली, म्हणजे काय?

तुझ्या संशोधनात शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावलीची सरासरी ७.१ आली म्हणून लगेच 'शिक्षकांची स्वकार्यक्षमता (आपण नीट शिकवू शकतो ही स्वतःबद्दलची खात्री) उच्च आहे' असं लिहून मोकळी होऊ नकोस. ती मोजणारी, संशोधक शॅनन-मोरन आणि वुलफोक हॉय यांची २००१ची मापनश्रेणी १ ते ९ अशी आहे, मधला बिंदू ५. स्वतःबद्दल विचारलं की बहुतेक जण वरच्याच बाजूला खूण करतात (मीही करेन). शिवाय हा आकडा शिक्षकाला वाटणाऱ्या खात्रीचा, शिकवण्याच्या दर्जाचा नव्हे. म्हणून मध्यक (क्रमाने लावलेल्या गुणांतला मधला) आणि प्रमाण विचलनही (गुण किती विखुरलेत ते) बघ. वर्गव्यवस्थापन, अध्यापन तंत्रं, विद्यार्थ्यांचा सहभाग हे तीन भाग वेगवेगळे काढ. खरी गंमत तिथेच सापडते. शिकवण्याच्या अनुभवाशी सहसंबंध ०.३० असेल, तर (०.३०चा वर्ग ०.०९ म्हणून) गुणांतल्या चढउतारापैकी जेमतेम ९ टक्केच त्याच्याशी जोडता येतो. आणि नमुना मोठा असला की क्षुल्लक फरकातही पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली जातं, तेव्हा परिणामाचा आकारही (फरक प्रत्यक्षात किती मोठा आहे ते) दे.