मैत्रीण लाईक करत नाही, म्हणजे रुसलीये का?

"मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोला साधा लाईकपण नाही दिला हो मॅडम तिने." कोथरूडच्या एक ताई, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मैत्रीण कॉलेजपासूनची, आता नाशिकला असते, आणि या रोज रात्री फेसबुकवर लाईक केलेल्यांची यादी परत परत बघणार, झोप उडालेली, वर रागाने तिच्या पोस्ट दिसल्या तरी न थांबता पुढे जायच्या. अशी तक्रार घेऊन हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला खूप जण येतात, विशीतलेपण आणि साठीतलेपण.

मी विचारलं, तिला फोटो दिसला हे कशावरून? "अहो टाकलाय म्हटल्यावर दिसणारच ना!"

तसं नसतं, आणि हे प्लीज समजून घ्या. २०१३ मध्ये फेसबुकनेच सांगितलं होतं की एका माणसाला दिसू शकतील अशा सरासरी १५०० पोस्ट असतात, त्यातल्या दिवसाला साधारण ३०० निवडून पुढे आणल्या जातात. आता तर ओळख ना पाळख अशा लोकांचे रील्सपण मध्ये घुसतात. कोणाच्या पोस्टवर आपण थांबतो, कमेंट करतो, त्यावरून हा क्रम लागतो, त्यामुळे ताई रुसून पुढे जात होत्या ना, तिथे फीडने, म्हणजे फेसबुक उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेने, एवढाच अर्थ काढला असणार की यांना हिच्यात इंटरेस्ट नाही, आणि मग तिच्या पोस्ट आणखी मागे.

त्यांना म्हटलं, फीड सोडा, नाव टाकून तिचं प्रोफाईल उघडा. वरच फोटो, पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, शेजारी वॉकर, खाली काळजीच्या कमेंट्स. "अगं बाई! हिचा पाय मोडला आणि मला पत्ताच नाही!"

मग तिथेच फेसबुकच्या मेनूत 'फीड्स' दाखवलं, २०२२ पासून आहे ते, त्यात 'फ्रेंड्स' निवडलं की मित्रमंडळींच्या पोस्ट ताज्या आधी अशा दिसतात. जवळच्यांना 'फेव्हरिट्स'मध्येपण टाकता येतं. पण मी सगळ्यांना आधी फोन करायलाच सांगते.

ताईंनी दुसऱ्याच दिवशी केला. मैत्रिणीने फोटो पाहिलेलाच नव्हता. पण ती खरंच दुखावली, लाईकवरून नाही, "एवढी मोठी बातमी आणि मला एक फोन नाही केलास?" यावरून. हे दुखणं खरं होतं, पुढच्या सेशनला आम्ही त्यावरच बोललो.