विचारा की! – हापूस रुसतो कशापायी?

प्रश्न : सर नमस्कार, खानापूरजवळ घरामागं हापूसची पाच कलमं हायत, बारा वर्षांची. गेल्या साली फांद्या मोडायला आल्या होत्या, यंदा मोहोर नावाला. शेजारी म्हणतोय कल्टार घाल, दरसाल धरतंय. घालू काय?

उत्तर : थांबा जरा. तुमचं काही चुकलेलं नाही, हापूसची खोडच ती, एक साल भरभरून देणार आणि दुसऱ्या साली रुसून बसणार. गेल्या वर्षी झाडानं सगळा जीव फळात घातला, मग नवी पालवी फुटायला उशीर झाला, आणि मोहोर येतो तो जून काडीवर, कोवळ्या काडीवर येत नाही, एवढीच गोष्ट आहे. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, ते पालवीची वाढ आवरतं म्हणून मोहोर निघतो, झाडात नवीन ताकद काय घालत नाही. घालायचंच झालं तर जुलै-ऑगस्टात, बुंध्याभोवती मातीत, आणि हिशेब झाडाच्या विस्ताराचा, म्हणजे व्यासाच्या दर मीटरला ३ मिली, पाण्यात मिसळून. झाड अशक्त असेल तर नको, आणि घातलं की त्या साली खतपाण्यात चिक्कूपणा चालत नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं जास्त फळ मिळेल म्हणून डबल डोस ओतला, पुढच्या पालवीला पानं एवढीशी आणि मोहोर असा गच्च गोळा की भुरी, म्हणजे ती पांढरी बुरशी, आत बसली तरी फवारा पोचेना!

पाच कलमांसाठी मी तरी बाटली उघडणार नाही. आंबा उतरला की मेलेल्या आणि आत गर्दी केलेल्या फांद्या काढा, पावसाच्या तोंडावर शेणखत नि रासायनिक खत द्या, पण बुंध्याला चिकटवून नको, दुपारची सावली जिथपर्यंत पडते तिथं चर मारून. मोहोर निघायला लागला की तुडतुड्यांवर लक्ष ठेवा, पानं चिकट लागली की समजा आलेत. आणि एखादी जागा मोकळी असेल तर सहावं कलम हापूसचं लावू नका हो, रत्ना लावा. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली आला, दरसाल धरतो आणि साका पडत नाही, म्हणजे आतला गर पांढरट-आंबूस होत नाही. आपल्याकडं हापूसशिवाय आंबाच नाही असं धरून बसतात लोक, काय बोलायचं.

प्रश्न : बेळगावात बाजारातून डझनभर हापूस आणला, वरून केशरी, वासपण मस्त. कापला तर आत पांढरट, रबरासारखं, आंबूस. कार्बाईडनं पिकवला असेल काय?

उत्तर : नाही ताई, हा साका. फळ झाडावर असतानाच कोयीजवळचा गर बिघडतो, वरून काही म्हणता काही कळत नाही, विकणाऱ्यालापण नाही, म्हणून त्याच्याशी भांडण काढू नका, ओळखीचा असेल तर बदलून देईल. जमिनीची धग लागली की, आणि फळ झाडावर फार पिकू दिलं की साका वाढतो. म्हणून बागवाले चौदा आणे, म्हणजे पुरता पिकायच्या जरा आधी, तयार झाला की देठासकट काढतात, सावलीत ठेवतात आणि गवताच्या अढीत पिकवतात. कार्बाईडची ओळख वेगळी, साल एकसारखी पिवळीधमक आणि आत चव आंबट, वासाचा पत्ता नाही. त्यानं फळं पिकवायला कायद्यानं बंदीच आहे.

प्रश्न : लोणच्याला कुठली कैरी, आणि रसाला?

उत्तर : लोणच्याला रायवळ, आंबटढाण, बाठ धरलेली पण आत पिवळी न पडलेली. फोडी बाठीसकट करा, वर्षभर मऊ पडत नाहीत. रसाला मात्र पायरी. आमच्या कन्नड शेजारणी सीकरणी म्हणतात त्याला, होळिगेबरोबर, म्हणजे पुरणपोळीबरोबर वाढतात, वर तूप. हापूस कापून खा, तो रसात कशाला घालवायचा?