कपातपत्र हा शेवटचा शब्द नव्हे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले, आणि बिलाचे व कपातपत्राचे, म्हणजे विमा कंपनीने दाव्यातून कापलेल्या रकमांच्या यादीचे, फोटोही मिळाले. वहिनींचे गुडघ्याचे ऑपरेशन सुखरूप पार पडले आणि वॉकर धरून त्या बाल्कनीपर्यंत गेल्या, हे वाचून फार बरे वाटले. मात्र ‘कंपनीने कापले ते कापले, आता कोण भांडत बसणार’ असे जे तू लिहिले आहेस ते मला पटले नाही, आणि विमादाव्यांच्या कामात पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसाने त्यावर गप्प बसणेही बरे नव्हे.

तुमची पॉलिसी ५ लाखांची आहे आणि तिच्यात खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. आईला शांत झोप मिळावी म्हणून तू ८,००० रुपयांची खोली घेतलीस, याबद्दल स्वतःला मुळीच दोष देऊ नकोस. रोजचे वरचे ३,००० आपण भरले की विषय मिटला, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी आणि थिएटरचे शुल्क खोलीच्या दर्जाप्रमाणे चढत जाते, म्हणून कंपनी त्या रकमाही ८,००० ला ५,००० याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांशच, मंजूर करते. सर्जनच्या १,२०,००० रुपयांपैकी ७५,००० मिळाले ते या हिशेबाने, आणि पॉलिसीत तसे कलम असेल तर ही कपात आपल्याला मान्य करावी लागेल. खोली कोणतीही घेतली तरी ते रुग्णालय दर सारखेच लावत असेल तर मात्र ही कपातसुद्धा लागू होत नाही. तेव्हा त्यांचे दरपत्रक आधी मागून घे.

आता खरा मुद्दा. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे व वापराचे साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. तोच कृत्रिम सांधा जनरल वॉर्डातल्या रुग्णालाही बसवतात. खोली बदलली म्हणून त्याची किंमत वाढण्याचे कारण नाही, आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती तर सरकारने २०१७ मध्येच बांधून दिल्या. तुझ्या कपातपत्रात ६४,००० चा इम्प्लांट आणि औषधे-तपासण्यांचे ४८,००० यांनाही तेच प्रमाण लावलेले मला दिसले. १,१२,००० चे तीन अष्टमांश म्हणजे ४२,००० रुपये. वर्षानुवर्षे हप्ता भरणाऱ्या तुझ्या आईचे हे हक्काचे पैसे आहेत. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मी अशीच कपात न वाचता सही करून मोकळा झालो होतो, आणि ते आजही मनाला लागून आहे.

रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत कंपनीच्या मंजुरीची वाट पाहावी लागली आणि एका जादा दिवसाचे भाडे लागले, असेही तू लिहिले आहेस. प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते, आणि त्याहून उशीर झाल्यास वाढीव खर्च तिनेच सोसायचा असतो. बिलिंग विभागाने अंतिम बिल किती वाजता पाठवले, तेवढी वेळ लेखी मिळव, कारण तास तिथून मोजले जातात.

हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंच्या कपातीवर शक्ती घालवू नकोस. जादा कवच घेतलेले नसेल तर त्या सहसा मिळत नाहीत.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल कर आणि प्रत्येक कपातीमागचे पॉलिसीतील कलम विचार. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला पुढे काही आधार राहत नाही. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातील वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

घरी आल्यानंतरच्या औषधांचा आणि फिजिओथेरपीचा खर्चही बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवसांपर्यंत, अनेकदा ६० दिवस, मिळतो. त्यासाठी पावतीबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. औषधदुकानाच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही काळाने फिकी होत जाते, म्हणून प्रत्येक पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढत जा.

टाके काढायला जाल तेव्हा इम्प्लांटच्या खरेदी-बिलाची प्रत मागून घे, आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचा, अनुक्रमांक छापलेला स्टिकर केसपेपरवर चिकटवलेला आहे ना, हे पाहून त्याचा फोटो घे. तो आला की ईमेलचा मसुदा मला पाठव. मी त्याच रात्री वाचून परत पाठवतो.

तुझा,
काका