नगरपालिकेच्या निवडणुकीत सगळेच रोजगार देतो म्हणतात, खरं कुणाचं मानावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या प्रभागातले तिन्ही उमेदवार "तरुणांच्या हाताला काम" म्हणतात आणि एकाच्या पत्रकात तर एमआयडीसीसुद्धा आहे. त्या एमआयडीसीवाल्याला आधी बाजूला काढा. एमआयडीसी राज्य सरकारचं महामंडळ आहे, नगरसेवकाच्या सहीनं तिथं एक खांबही रोवला जात नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला जे नवे कारखाने आले ते केंद्राच्या दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमुळे, कुण्या वॉर्डातल्या पुढाऱ्यामुळे नाही.

नगरपालिकेच्या हातात असतो तो रस्ता, बाजार, गाळे, नाली आणि दिवा. आज जी माणसं त्या रस्त्यावर कमावून खातात त्यांचं उमेदवार काय करणार, एवढंच विचारा. मला हे ठामपणे सांगता येतं, कारण आमच्या घरात यावरून आठ वर्षं भांडण चालू आहे.

माझी माय परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात भाजी विकते. पहाटे हर्राशीत, म्हणजे लिलावात, माल घ्यायचा, सातला गाडी लावायची, नगरपालिकेची रोजची बसण्याची फी घेणारा तहबाजारीवाला आला की पैसे द्यायचे, अंधार पडला की घरी. 2017 च्या दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, अतिक्रमण हटावचा ट्रॅक्टर आला. हातगाडी, वजनकाटा, टोमॅटोची दोन कॅरेट, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं ट्रॉलीत टाकलं. आधी नोटीस नाही, नंतर कसली यादी नाही. जिला रोज तहबाजारीची पावती फाडत होते तीच बाई त्या दिवशी अतिक्रमण झाली.

गाडी नवव्या दिवशी मिळाली, तीही दंड भरून. मी सोबत होते. मेथीचं पाणी झालं होतं, कॅरेटखाली टोमॅटोचा रस वाळून काळा पडला होता. माय तिकडं बघतसुद्धा नव्हती. ती खाली वाकून काट्याची ताटली शोधत होती. ताटली सापडलीच नाही.

त्याच आठवड्यात भाऊबीजेला थोरले दाजी घरी आले होते. ते एका पॅनलचा प्रचार करायचे. जेवता जेवता म्हणाले, "रस्ते मोकळे झाल्याशिवाय गावाचा विकास कसा व्हायचा? आणि भाजी विकणं हा काय रोजगार आहे का? कंपनी आली पाहिजे." मायनं त्यांच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि आत गेली. दाजींच्या लग्नाचा मांडव, आहेर, पंगत, सगळं त्याच गाडीवरून निघालं होतं. मी तेव्हा बोलले नाही, ते आजपर्यंत सलतं.

कायदा मला नंतर कळला. पथविक्रेता कायदा 2014 सालचा आहे, म्हणजे आमची गाडी उचलली तेव्हा तो लागू होऊन तीन वर्षं झाली होती. हटवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त मालाची यादी करून विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करावा लागतो. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बाया. तुमच्या उमेदवारांना विचारा, ही समिती आपल्या गावात आहे का आणि तिची शेवटची बैठक कधी झाली. जो "माहिती घेऊन सांगतो" म्हणेल आणि खरंच परत येऊन सांगेल, तो कामाचा.

कोरोनानंतर मी स्वतः मायचं नाव सर्वेक्षणात घातलं, शिफारसपत्र काढलं आणि पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांच्या कर्ज योजनेतून दहा हजार मिळवले. ते फेडले, मग वीस हजार मिळाले. त्यातून नवी गाडी आणि नवा काटा आला. नगरपालिकेचा एक कागद वेळेवर मिळाला तर एक घर उभं राहतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. कंपनी येईपर्यंत पोरं चाकण-भोसरीला जाऊन बसतात, तेही पाहिलंय.

शॉपिंग कॉम्प्लेक्सचं आश्वासन असेल तर गाळ्यांची अनामत किती आणि आधी तिथं बसणाऱ्यांना गाळा मिळणार का, ते लेखी मागा. लिलावात गाळा घेणारा बहुतेक वेळा पैसेवाला असतो, टपरीवाला बाहेरच राहतो. आणि सफाईचे कंत्राटी कामगार विसरू नका. ठेकेदारानं पगार थकवला तर शेवटी जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे नगरपालिकेवरच येते. पत्रकात त्यांच्या किमान वेतनावर एक ओळ आहे का, बघा.

माझा कारखान्यांना विरोध नाही. जालन्याच्या स्टीलवर, लातूरच्या डाळ मिलवर हजारो घरं चालतात. रस्ता अडू नये, ॲम्ब्युलन्सला वाट हवी, हेही कबूल. त्यासाठी जागा आखून द्या, पण गिऱ्हाईक जातं तिथं द्या. आमच्याकडं ओटे बांधले ते गावाबाहेर, आता तिथं शेळ्या बसतात. शिवाय एकटा नगरसेवक फार काही करू शकत नाही, नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो, तेव्हा हेच प्रश्न त्यालाही विचारा. महानगरपालिकेत राहत असाल तर तिथलं गणित वेगळं आहे, त्यातलं मी सांगत नाही.

दाजी या वेळीही प्रचारात आहेत. परवा उमेदवाराला घेऊन गाडीवर आले. मायनं प्लास्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढून त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, "जावईबापू, ह्याच्यावर शिक्का आहे. ह्याच्यावरची जागा कधी दावणार?"