आठ महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर सुरक्षित आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय आणि दोन पाळणाघरं पाहून झालीत. एक एसी-सीसीटीव्हीवालं, दुसरं एका काकूंच्या घरातलं. मी डोंबिवलीत बरीच वर्षं पाळणाघर चालवते, तेव्हा माझं मत धंदेवाईक आहे असं धरूनच वाचा.

दोन्हीकडे परत जा, पण या खेपेला न कळवता आणि दुपारी दीड-दोनला. सकाळी अकरा वाजता कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. दुपारी पोरं पेंगुळलेली असतात, मावश्यांची जेवणं व्हायची असतात, एखादी मावशी घरी गेलेली असते. तेव्हा तान्ही किती आणि त्यांना बघायला माणसं किती, एवढंच मोजा. ‘मुलं झोपलीत, आत्ता नको’ म्हणाले तर झोप मोडू नये हे मान्य, पण दारातून डोकावू द्यायला काय हरकत आहे?

वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक मोठं माणूस हवं, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडच्या फीमध्ये ते बसवणं कठीण जातं. चारपर्यंत मी समजू शकते. सहा तान्ह्यांमागे एकच मावशी असेल तर एकाचं दुपटं बदलेपर्यंत उरलेल्या पाचांकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि मला धास्ती असते ती त्याच दोन मिनिटांची. त्यात तीन वर्षांची मुलंही त्याच खोलीत असतील तर बघायलाच नको. ती प्रेमानं बाळाच्या तोंडात शेंगदाणा भरवतात! काकूंकडे चारच मुलं असली तरी घरात दुसरं मोठं माणूस कायम असतं का, हे विचारा. काकूंना चक्कर आली तर?

आता झोप. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. उशी नको, तोंडावर येईल अशी गोधडी नको. मोहरीची उशीसुद्धा नको, आजीला वाईट वाटलं तरी. अमेरिकेत १९९४ साली ‘पाठीवर झोपवा’ अशी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तुमची लेक आता आपणहून पालथी होत असेल तर तिला पुन्हा पुन्हा उलटवत बसायची गरज नाही, ठेवताना मात्र पाठीवरच ठेवायचं. झोळीत झोप लागली तर उचलून गादीवर ठेवतात का, ते बघा. झोळीत मान पुढे मुडपली की श्वास अडू शकतो, आणि बाहेरून ते चटकन दिसत नाही.

सगळी पोरं एकाच वेळी, रोज, दोन-दोन तास ढिम्म झोपत असतील तर मला शंका येते. जायफळ उगाळून चाटवणं किंवा सर्दीचं औषध ‘झोप लागावी म्हणून’ देणं, हे प्रकार चालतात. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं बाटलीवर छापायचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलाय. घरून दिलेल्या तापाच्या औषधाचंही तसंच. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांत मोठा फरक आहे. थेंबांच्या एका मिलीत साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० ते १२५. सिरपचं माप थेंबांना लावलं की चौपट डोस पोटात जातो. म्हणून मी बाटलीसोबत चिठ्ठी घेतल्याशिवाय औषध देतच नाही: नाव, किती मिली, किती वाजता, खाली सही. तुमच्याकडे मागत नसतील तर तुम्हीच द्या.

बाथरूम उघडून बघा. आपल्याकडे पाणी जातं म्हणून बादल्या भरून ठेवायची सवय असते, आणि रांगतं बाळ बादलीत डोक्यावर पडलं तर वीतभर पाण्यातही बुडतं, ओरडतसुद्धा नाही. कडी उंचावर हवी, बादल्या रिकाम्या हव्यात. डायपर बदलायची जागा आणि दूध-पेज करायचा ओटा वेगळा हवा. हात साबणानं धुतात का हे विचारू नका, उभं राहून बघा.

तुमच्याकडूनही एक काम आहे. काळ्या मण्यांची माळ, सैल झालेला करगोटा, घुंगरू निघतील असे वाळे, हे सगळं पाळणाघरात पाठवताना काढून ठेवा. दृष्ट संध्याकाळी घरी काढा. काढलेलं दूध पाठवणार असाल तर बर्फाच्या पिशवीत पाठवा आणि ते पोचताच फ्रिजमध्ये जातं ना, याची खात्री करा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, धुवायला सोपं. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही, चाटणातूनसुद्धा नाही.

सीसीटीव्हीबद्दल. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली होती. कॅमेरा होता म्हणून पुरावा मिळाला, मार काही थांबला नाही. कॅमेरा असू दे, पण त्यापेक्षा तिथल्या मावशीला मालकिणीसमोर न विचारता सहज विचारा, ‘बाळ अर्धा तास रडतच राहिलं तर काय करता हो?’ ‘आमच्याकडे रडतच नाहीत’ असं उत्तर आलं तर मी तिथून निघेन. ‘दुसरीच्या हातात देते, नाहीतर पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाहेर जाते’ म्हणाली, तर ती मावशी शहाणी आहे. वैतागून बाळाला गदागदा हलवलं तर बाहेर खूणही न दिसता मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. वैताग तर प्रत्येकीला येतो, मलाही येतो.

न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो देऊन ठेवा, आणि अनोळखी माणूस आला तर तुम्हाला फोन करतात ना, हे एकदा दिराला पाठवून तपासा. पहिला आठवडा तासाभरापासून सुरू करून वेळ वाढवत न्या. तुम्ही रजेवर असतानाच हे उरकलं तर बरं.

तुम्ही सांगितलंत त्यावरून माझा कल काकूंकडे आहे, पण दुसरं माणूस घरात असेल तरच. आणि ऑफिसात एचआरला विचारलंत का? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. सोय ऑफिसबाहेर, दुसऱ्या कंपन्यांशी मिळून केलेली असली तरी चालते. मागणी लेखी करा.