‘नोकरी सोडली तर कादंबरी पूर्ण होईल का?’

दिवाळी अंक वाचून झाले की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणी ना कुणी येतंच. सहकारी बँकेतले एक अधिकारी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) राजीनामा टाईप करूनच आले होते. कादंबरी तिसऱ्या प्रकरणात अडकलेली.

आधी हिशेब मांडला. ३०० रुपयांचं पुस्तक, १० टक्के मानधन, ५०० प्रतींची आवृत्ती. सगळी खपली तर १५,००० रुपये. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरी करत लिहीत होते, हे त्यांना ठाऊक होतं. “त्यांची गोष्ट वेगळी,” म्हणाले.

पंधरा दिवस वहीत नोंद ठेवायला सांगितली: किती वाजता बसलो, काय केलं. रोज ५० मिनिटं मिळत होती. त्यातली ४० पहिलं प्रकरण दुरुस्त करण्यात जात होती.

“पुन्हा पुन्हा पहिलंच का?”

“ते चांगलंच व्हायला हवं, मॅडम.”

“यातला ‘च’ काढून परत म्हणा बघू.”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “चांगलं व्हायला हवं. नाही झालं, तर दुसऱ्या खर्ड्यात करीन.”

इतक्या वर्षांत मला पटलेलं एकच: माणूस अडतो तो या ‘च’पाशी. लेखकांत तो हमखास सापडतो, कारण त्यांची वाचनाची जाण हाताच्या सरावाच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

मग वेळापत्रक सोपं झालं. रोज ३०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस. ४० आठवड्यांत ६०,००० शब्द, म्हणजे छापील दोनशेच्या आसपास पानं. बसल्यावर मागचं फक्त शेवटचं पान वाचायचं. सुधारणा सुचली तर वेगळ्या वहीत टिपायची, लिहिलेल्याला हात लावायचा नाही. आणि प्रसंग अर्ध्यावर असतानाच उठायचं, पुढचं वाक्य समासात लिहून. प्रसंग संपवून उठलं की दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट होते आणि पाय आपोआप पहिल्या प्रकरणाकडे वळतात.

परवा आले तेव्हा अकरावं प्रकरण चालू होतं. राजीनाम्याचा विषय निघाला नाही. त्यांना विचारायचं होतं, करारात काय पाहायचं? मानधन छापील किमतीवर आहे ना, आवृत्ती किती प्रतींची, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळे लिहिलेत का. मुदतही. ती लिहिलेली नसेल, तर कायद्याने हक्क ५ वर्षांपुरते दिले असं धरतात.