मी बनवलेल्या वर्कशीट्स सहकारी स्वतःच्या नावावर खपवतात. तरी देत राहावं का?

द्या. फक्त फुकट देऊ नका. किंमत काय घ्यायची ते सांगते.

मी इंदूरला एका हिंदी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. तुमच्यासारखंच माझंही झालंय. रात्री जागून केलेली प्रश्नबँक इन्स्पेक्शनच्या दिवशी दुसऱ्या मॅडमच्या फाइलीत दिसली, वर नाव त्यांचं. माझी एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी! पुढे दोन महिने मी पेनड्राइव्ह पर्समधून बाहेर काढला नाही. मग मलाही कुणी काही देईना, आणि माझ्या कागदात कुठे काय बिघडलंय हे सांगणारंही कुणी उरलं नाही. हे दुसरं जास्त महागात पडलं.

खडूचा प्रयोग तुम्हाला माहीत असेल. खडूभोवती काळ्या शाईची रेघ काढायची, बशीत थोडं पाणी घेऊन त्यात खडू उभा करायचा. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे पट्टे सुटे होतात. माझ्या वर्कशीटवर ‘काळ्या पेनाने रेघ काढा’ एवढंच होतं. माझ्या वर्गात दरवर्षी झकास व्हायचं, कारण स्केचपेनं मीच घेऊन जायची. शेजारच्या सेक्शनच्या सरांनी तीच वर्कशीट नेली आणि मुलांनी दप्तरातली बॉलपेनं काढली. ती शाई पाण्यात विरघळतच नाही. पूर्ण पीरियड पोरं काळी रेघ बघत बसली. एका गटाकडे स्केचपेन होतं, तर त्यांची रेघ इतकी खाली की पाण्यातच बुडाली आणि रंग सगळा बशीत उतरला. सरांनी कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं, ‘बॉलपेन नको. रेघ तळापासून दोन बोटं वर.’ ती वर्कशीट खरी पूर्ण झाली त्या दिवशी.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्कशीटच्या शेवटी अर्धं पान कोरं असतं. कोणत्या वर्गात वापरली, कुठे अडलं, मुलांनी काय विचारलं. नेणाऱ्याने ते भरून परत करायचं. हीच किंमत.

ही युक्ती काही माझ्या डोक्यातली नाही. माझे सासरे इटारसीजवळच्या सरकारी माध्यमिक शाळेत होते, ‘होशंगाबाद विज्ञान’ या प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमाच्या काळात. 1972 मध्ये 16 शाळांत तो कार्यक्रम सुरू झाला, पुढे अख्ख्या जिल्ह्यात आणि इतर जिल्ह्यांतही गेला, 2002 मध्ये सरकारने बंद केला. किट आणि पुस्तकांचं कौतुक सगळे करतात. सासरे मात्र सांगायचे ते मासिक बैठकीचं. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक जमायचे आणि कुठला प्रयोग वर्गात फसला ते उघडपणे सांगायचे. पुस्तकं बदलली ती असल्याच बोलण्यातून. फसलेलं सांगताना कुणाची मान खाली जात नव्हती, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या स्टाफरूममध्ये असं बोललं तर गोष्ट सुट्टीच्या आत प्राचार्यांच्या कानावर!

म्हणून आम्ही शाळेबाहेर जमतो. दुसऱ्या शनिवारी, रामबागेत एकीच्या घरी, तीन-चार शाळांतल्या सहा-सात जणी. पोहे, वर जिरावण, मग काम. वर्गात वापरलेलीच वर्कशीट आणायची, सोबत मुलांनी भरलेल्या दोन प्रती. नुसती सुंदर फाइल चालत नाही. रिकाम्या हाताने येणाऱ्यांना आम्ही हाकलत नाही. दोन-तीनदा पोहे खाऊन त्या आपणच यायच्या थांबतात.

आता नावाचं. प्रत्येक पानाच्या तळाशी नाव आणि वर्ष घाला, फक्त पहिल्या पानावर नको. पण कुणाला बदलता येऊ नये म्हणून पीडीएफच पाठवायची, हे करू नका. समोरच्याला आपल्या वर्गापुरतं बदलावंच लागतं. वर्डची फाइल द्या, आणि कृपा करून युनिकोडमध्ये टाइप केलेली. आमच्याकडे अजून कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या हिंदी फॉन्टचा कारभार आहे. ती फाइल मोबाइलवर उघडली की धड्याच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

खाजगी शाळेत असाल तर नेमणुकीचं पत्र एकदा वाचून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. म्हणजे तुमची वर्कशीट कदाचित कागदोपत्री संस्थेची असेल. आणि खजुरी बाजारातून आणलेली गाइडं स्कॅन करून ग्रुपवर टाकणं म्हणजे साहित्य वाटणं नव्हे. शिकवण्यासाठी उतारा घ्यायला किंवा प्रश्नपत्रिकेत वापरायला कायद्यात सूट आहे, पण अख्खं पुस्तक फिरवायला ती पुरायची नाही.

त्या प्रश्नबँकवाल्या मॅडम अजून माझ्याकडून फाइली नेतात. कोरं अर्धं पान तीन वेळा तसंच परत आलं. चौथ्या वेळी एक ओळ होती, ‘प्रश्न 6 मुलांना कळला नाही.’ बघितलं, तर मलाही कळला नाही.